कपित्थवनातला रुसलेला अग्नी

कृतयुग सरत आले होते आणि त्रेतायुगाचे पाऊल अजून पृथ्वीवर पडले नव्हते, त्या काळी तुंगजला नदीच्या तीरी कपित्थवन नावाचे एक तपोवन होते. कवठांच्या दाट राईत वसलेल्या, सामगायनाने निनादणाऱ्या, हरिणशावकांनाही अभय देणाऱ्या त्या आश्रमवस्तीत तपोनिधी शंकुधर मुनींचे अग्निहोत्र अखंड चाले, आणि रोज सकाळी घरोघरच्या ऋषिपत्नी त्यांच्याच अग्निशाळेतून निखारा नेऊन आपापली चूल पेटवीत. मुनी मोठे ज्ञानी. पण राग मात्र सदा नाकाच्या शेंड्यावर! जगाला क्षमेचा उपदेश करणारा हा महापुरुष घरात शिरला की बायको आणि लेक श्वास रोखून बसत.

हेमंतातल्या एका सकाळी मुनी स्नानाला निघाले आणि अग्नीची राखण त्यांनी आपल्या चिमुकल्या कन्येवर, ऊर्णेवर, सोपवली. पोरच ती! ऊब लागताच तिचा डोळा लागला. मुनी परतले तो कुंडात नुसती राख. क्रोधाच्या भरात हाती लागली ती पळसाची समिधा त्यांनी लेकराच्या पाठीवर मोडली. ऊर्णेची किंकाळी साऱ्या वनाने ऐकली, आणि साऱ्या वनाने दारे ओढून घेतली. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला बोला! सज्जनहो, खरे सांगतो, मला मुनींपेक्षा त्या दारांचाच राग अधिक येतो.

मग मुनी अरणीमंथनास बसले. लाकडावर लाकूड घासून ठिणगी पडे, वाळक्या गवतात क्षणभर लाल होई आणि विझून जाई. निखाऱ्यासाठी आलेल्या बायका बाहेर कुडकुडत उभ्या होत्या. कोणाच्या कडेवर तान्हे, कोणाच्या घरी तापाने फणफणलेला म्हातारा. दिवस कलला तरी एकही चूल पेटेना. अशा थंडीत अग्नीवाचून रात्र काढायची म्हणजे तान्ही मुले दगावणार, हे साऱ्यांना दिसत होते. अखेर मुनींनी शाप देण्यासाठी ओंजळीत पाणी घेतले.

"हे हव्यवाहना! ज्याने आजन्म तुला तृप्त केले, त्या शंकुधराची तू अवहेलना करतोस? प्रकट हो, नाहीतर माझ्या तपाचा दाह तुला सोसवणार नाही!"

अग्निदेव प्रकटले खरे. पण एवढ्याशा ज्योतीच्या रूपाने, कुंडाच्या कडेला अंग चोरून.

"मुनिवर, शाप खुशाल द्या. पण मी अरणीच्या पोटी तान्हा होऊनच जन्माला येतो. तुम्ही मला काडीकाडीने भरवता, हलकेच फुंकर घालता, तेव्हा कुठे मी यज्ञ पेलण्याइतका मोठा होतो. जन्मताच अंगावर ओंडका पडला असता तर मी वाढलो असतो का? जी समिधा माझा घास, ती तुम्ही लेकराच्या पाठीवर मोडलीत! आता त्या हातचा घास घ्यायला मला भय वाटते. ऊर्णा आपण होऊन तुमच्याजवळ येईल, तेव्हाच मी येईन."

ज्योत नाहीशी झाली. मुनी गोंधळून उठले. दारातच पत्नी सुवेणा उभी होती.

"स्वामी, ती गोठ्यात आहे. पण आज्ञा करून आणू नका हो तिला!"

ऊर्णा वासराला बिलगून बसली होती. मुनींनी मस्तक कुरवाळण्यासाठी हात उचलला मात्र, तिने दोन्ही हातांनी डोके झाकून घेतले. मुनी जागच्या जागी थिजले. लहानपणी तेही असेच डोके झाकून बसत; त्यांच्या पित्याच्या हातीही समिधाच असे. चारही वेद मुखोद्गत असलेला तो तपस्वी शेणामातीत मटकन बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला.

"बाळे, अग्नी विझला ही साधी चूक होती. मी मारले, ते पाप. ते माझे, तुझे नव्हे."

"तात, पुन्हा विझला तर?"

"तर आपण दोघे मिळून पेटवू."

पोर वासराला अधिकच बिलगली. बोलण्यावर विश्वास ठेवावा असे काही तिने आजवर पाहिलेच नव्हते. तेवढ्यात गोठ्याच्या दाराशी जमलेल्या बायकांतून वृद्ध कौशिकी पुढे आली. "मुने, पुन्हा तुमचा हात उठला तर मधे मी उभी राहीन. सकाळी किंकाळी ऐकूनही दार लावून घेतले, माझी मलाच लाज वाटते!" तिच्यामागोमाग इतर ऋषिपत्नी आणि त्यांचे पतीही माना खाली घालून गोठ्यात आले.

त्या साऱ्यांकडे पाहत ऊर्णा हळूच उठली आणि पित्याच्या उत्तरीयाचे टोक तिने धरले. मांडीवर बसली नाही. टोक तेवढे धरले. अग्निशाळेत परतून मुनींनी अरणी घुसळली, ऊर्णेने गवत ठेवून फुंकर घातली, आणि अग्निनारायण धडधडून प्रकटले.

"मुनिजनहो! या वनात लेकराचे रडणे ऐकून जे घर दार लावील, तिथे मी क्षणभर थांबणार नाही. जे धावून जाईल, त्याची चूल कधी विझणार नाही!"

ऊर्णेच्या पाठीवरचा वळ लवकर गेला. मनातले भय जायला मात्र पुढचा वसंत उजाडला. मुनींनी घाई केली नाही. तेव्हापासून कपित्थवनाची रीत पालटली. तूप सांडो, गाय सुटो, अग्नी विझो, चुकलेले पोर तिथे कवठांच्या राईत दडत नाही. धापा टाकीत येते आणि पहिल्याने बापालाच सांगते.