घारूआक्काचा न हलणारा ढग

आभाळात कुणी कुणाला वाट विचारत नव्हतं, त्या काळातली गोष्ट. घारूआक्का म्हणे ढगातून शेतातल्या उंदराच्या मिश्या मोजायची. निदान ती स्वतः तसं सांगायची. उडताना सारखी ओरडणाऱ्या टिटवीला ती हसायची, "डोळे मिटून उडतेस का गं? कायम आपली बोंबलत असतेस."

एकदा आक्काला समोर पांढरा ठिपका दिसला. तो इकडे सरकेना, तिकडे सरकेना. "हलत नाही, म्हणजे ढगच," म्हणत ती निवांत निघाली. मागून येणारी टिटवी ओरडली, "आक्का, हलत नाही आणि मोठा होतोय, म्हणजे तुझ्याच अंगावर येतोय. उजवीकडे वळ."

आक्का वळली, पण शेपटीची दोन पिसं गेलीच. ठिपका होता करकोचा. तो म्हणाला, "आक्का, मी तुम्हाला डोंगराचं टोक समजलो."

"म्हणजे नजरेचे पक्के आपण दोघंही," आक्का म्हणाली.

तेव्हापासून घिरट्या घालताना आक्काही समोरच्याला कळावं म्हणून बारीक शीळ घालते. एवढ्या मोठ्या पाखराचा एवढासा आवाज कसा, असं टिटवीनं विचारलं, तर म्हणते, "आजवर नुसती नजरेची बढाई मारली ना गं, खऱ्या ओरडण्याचा गळ्याला सरावच नाही."