बेळंकी सरांची सही

उद्या तुमचंच पोट फाडायची वेळ आली, तर सुरी कोणाच्या हातात द्याल?

हसू नका, खरंच विचारतोय. विश्वास कोणावर ठेवाल? ज्याचा हात सफाईनं चालतो त्याच्यावर? ज्याच्या भिंतीवर प्रमाणपत्रं जास्त त्याच्यावर? की मेव्हणा सांगेल त्याच्यावर?

बहुतेक लोक मेव्हण्याचं ऐकतात. पस्तीस वर्षं मिरजेत सर्जिकल सामान विकतोय, तेवढं कळतं.

शिक्षण माझं सातवी. पुढचं सगळं दवाखान्यांच्या मागच्या दारात शिकलो. पहिला धडा एका सिस्टरनं दिला. मी रक्त टिपायच्या गॉजचा शंभरचा गठ्ठा टेबलावर ठेवला, तिनं माझ्यासमोर एकेक तुकडा मोजला. अठ्ठ्याण्णव भरले.

मी म्हणालो, "दोनाचं काय एवढं, सिस्टर?"

ती म्हणाली, "शेठ, पोट शिवायच्या आधी मी मोजते, आत गेले तेवढे बाहेर आले का. दोन कमी भरले तर ते तुमच्या दुकानात राहिले की पेशंटच्या पोटात, हे कुणाला विचारू?"

त्या दिवसापासून गठ्ठे मी स्वतः मोजतो. असो. सांगायचं होतं ते बेळंकी सरांचं.

गुरुनाथ बेळंकी. जुने सर्जन. हाताला कंप सुटला तशी त्यांनी आपणहून सुरी खाली ठेवली, पण दवाखान्याचे प्रमुख तेच राहिले. संध्याकाळी पाचला ऑपरेशन थिएटरच्या मागच्या खोलीत चहा घ्यायचे. उजवा हात मांडीवर ठेवला की अंगठा आणि बोट आपोआप फिरत राहायचं, जणू वैद्यबुवा गोळी वळतायत.

त्या दिवशी मी ग्लोव्ह्जचे खोके उतरवून तिथंच स्टुलावर टेकलो होतो.

"शेठ, मागच्या खेपेच्या ग्लोव्ह्जना भोकं होती."

"हवा खेळायला ठेवतो, सर."

सर हसणार, एवढ्यात दार उघडलं. अभिनंदन चौगुले. सरांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, बारा वर्षं त्यांच्या हाताखाली. अडतिशीतला माणूस. हात असा, की टाका घालताना बघत राहावं. त्याला ते ठाऊकही होतं. एकदा मला म्हणाला होता, "शेठ, तुमचा धागा कसलाही असू दे, गाठ माझी असते."

कॅनडात त्याची निवड झाली होती. यकृत बदलायचं शिकायला, दोन वर्षं. बायको आणि आठ वर्षांची मुलगी बरोबर. गावात पेढे वाटून झाले होते.

त्यानं एक जाडजूड वही सरांपुढं ठेवली.

"सर, सही हवी होती. सहाला कुरिअर बंद होतं."

"कशावर?"

"केलेल्या ऑपरेशनांची नोंद आहे. दोनशे चौदा. शेवटच्या पानावर प्रमुखांची सही लागते."

सरांनी चष्मा चढवला. पानं उलटली. घाई त्यांना कधीच नव्हती. अभिनंदन उभाच होता. घड्याळ बघत होता, फोन बघत होता, परत घड्याळ.

सर शेवटच्या पानावर आले. तिथं एक चौकट होती.

"हे काय विचारलंय?"

"ऑपरेशननंतर तीस दिवसांत किती दगावले."

"आणि तू लिहिलंयस, शून्य."

"हो, सर."

सरांनी त्या शून्यावर बोट टेकवलं.

"दोनशे चौदा माणसं कापलीस आणि एकही गेला नाही. मग तिकडं शिकायला कशाला चाललास?"

अभिनंदन हसला. ते हसू मी ओळखतो. गिऱ्हाईक माल परत करायला येतं आणि आधी चहाचं विचारतं, तेव्हा असंच हसतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. खोली लहान. पलीकडचं बोलणं मलाही ऐकू येत होतं.

"अहो, विकलेला फ्रिज न्यायला माणसं आलीत. देऊ ना?"

"पद्मजा, थांब जरा."

"थांब म्हणजे? टेम्पो दारात उभाय. आतलं सगळं मी शेजारी दिलंय. आता परत कुठं मागून आणू?"

"सांगतो म्हटलं ना. पाच मिनिटं."

फोन ठेवला. कपाळ पुसलं. मग माझ्याकडं वळून उगाच म्हणाला, "घर रिकामं केलंय, शेठ. तिनं कॉलेजच्या नोकरीचा राजीनामा दिला. पोरीचा शाळेचा दाखला काढला. कपाटंसुद्धा गेली."

मी म्हणालो, "मोठ्या कामाला निघालाय, एवढं व्हायचंच."

सरांनी वही जवळ ओढली. खिशातून पेन काढलं. मांडीवरचा हात उचलला, बोटं अजून गोळी वळत होती.

"सही करतो. पण हा हात बघतोयस ना? धर."

"काय, सर?"

"मनगट धर. नाहीतर रेघा उमटायच्या. तुझ्या वहीची शोभा जायची."

अभिनंदन वाकला. दोन्ही हातांनी सरांचं मनगट धरलं, अगदी जपून. सरांनी पेनाचं टोक कागदाला लावलं.

टोक थरथरलं. टिक… टिक… कागदावर बारीक ठिपके उमटले.

"घट्ट धर."

त्यानं घट्ट धरलं. ठिपके वाढले.

"आता सोड."

"सर?"

"हात सोड, अभिनंदन."

त्यानं सोडला.

पेन जागच्या जागी थांबलं. सरांचा हात कागदावर असा टेकला होता, की वर पाण्याचा पेला ठेवला असता तरी हिंदकळला नसता.

मी स्टुलावरून अर्धा उठलो. मला वाटलं काही चमत्कार झाला.

सर म्हणाले, "शेठ, बसा. हे दुखणंच असं आहे. हात रिकामा असला की हलतो. कामाला लागला की थांबतो." मग शिष्याकडं वळले. "हे तू स्वतः विद्यार्थ्यांना शिकवतोस. माझंच उदाहरण देऊन. आज विसरलास?"

अभिनंदन कागदावरच्या ठिपक्यांकडं बघत होता.

"माझा हात तर थांबला होता. मग मघाशी हलत होता तो कोणाचा?"

अभिनंदननं आपले हात पाठीमागं घेतले. लहान मुलं शाईचे हात लपवतात तसे.

…

बाहेरून स्ट्रेचरची चाकं वाजत गेली.

मग तो बसला. पहिल्यांदाच बसला.

"भीमण्णा," तो म्हणाला. "अथणीजवळचे. यकृतातली गाठ काढली होती. नवव्या दिवशी चालत घरी गेले."

"मग?"

"चोविसाव्या दिवशी, शुक्रवारी, मुलाचा फोन आला. ताप येतोय म्हणाला. मी म्हटलं, तापाची गोळी द्या, सोमवारी घेऊन या."

"सोमवारी का?"

अभिनंदननं मान खाली घातली.

"शनिवारी माझी मुलाखत होती, सर. कॅनडावाल्यांची. मी तयारी करत होतो."

"पुढं?"

"मुलाखतीत त्यांनी विचारलं, मृत्यू किती? मी सांगितलं, शून्य. तेव्हा ते खरं होतं, सर. शनिवारी ते जिवंत होते… रविवारी पहाटे गेले. घरीच. सव्विसावा दिवस."

"म्हणजे तीसच्या आत."

"पण दवाखान्यात नाही दगावले! आपल्या कागदावर ते बरे होऊन घरी गेलेत. मुलानंही काही तक्रार केली नाही. उलट म्हणाला, डॉक्टर, तुम्ही खूप केलंत." तो पुढं झुकला. "आता मी एक लिहिला तर ते म्हणणार, मुलाखतीत शून्य सांगितलं आणि नंतर दोन महिने लपवून ठेवलं. निवड गेली, सर. मी पद्मजाला काय सांगू? पोरीला काय सांगू? वर्गातल्या मुलींनी निरोपाचं कार्ड दिलंय तिला."

मला राहवलं नाही. आपण व्यापारी माणसं, मधला रस्ता दिसल्याशिवाय चैन पडत नाही.

मी म्हणालो, "सर, चौकट रिकामी सोडली तर? त्यांनी विचारलं तर सांगता येईल."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "शेठ, तुम्ही अठ्ठ्याण्णवचा गठ्ठा 'अंदाजे शंभर' म्हणून विकता का?"

मी स्टूल मागं सरकवलं. त्या सिस्टरनं कधीतरी सरांच्या कानावर घातलं असणार.

फोन परत वाजला.

"अहो, पाच मिनिटं झाली. फ्रिज टेम्पोत चढलाय, माणसं शिव्या घालतायत. देऊ की नको, एवढंच सांगा."

अभिनंदन सरांकडं बघत होता. सर खिडकीबाहेर.

"पद्मजा… ते भीमण्णा आठवतात?"

"कोण?"

"अथणीचे. गूळ आणून दिला होता त्यांनी."

"हो, बरं मग?"

"ते गेले. मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी. मी ताप ऐकूनसुद्धा बोलावलं नाही. ते वहीत लिहावं लागतंय. लिहिलं तर… आपलं जाणं कदाचित होणार नाही."

 टेम्पोवाला मागं कुणावर तरी ओरडत होता, तो आवाज स्पष्ट आला.

"त्या रविवारी तुम्ही जेवला नव्हता," ती म्हणाली. "मी तीनदा विचारलं. पित्त झालंय म्हणालात."

"हो."

"दोन महिने झाले त्याला. मी दोन महिने खोकी बांधतेय. आणि तुम्ही हे पोटात घेऊन माझ्याबरोबर चिकटपट्टी धरत होता?"

"पद्मजा…"

"लिहा," ती म्हणाली. आवाज रडका होता, पण पक्का. "आधी लिहा. फ्रिज मी परत आत घेते. जायचं ठरलं तर नेतील. नाही ठरलं तर दूध तरी नासायला नको." मग लांबून ऐकू आलं, "अहो दादा, उतरवा परत, उतरवा… रागावू नका, चहा टाकते."

फोन बंद झाला.

अभिनंदननं सरांचं पेन घेतलं. शून्यावर एक आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं, १. बाजूला आपली छोटी सही, तारीख. खाली जागा होती. तिथं बारीक अक्षरात भीमण्णांचं वय, ऑपरेशनची तारीख, तापाचा फोन, आणि आपण काय उत्तर दिलं ते.

तो लिहीत असताना मी त्याच्या हाताकडं बघत होतो. हलत होता. लिहून होईस्तोवर हलतच होता. अक्षर कसंबसं आलं. पण आलं.

सरांनी सगळं वाचलं. एकेक ओळ. मग सही केली, मनगटाला कुणाचा हात न लावता. ठिपके तसेच राहिले वर.

पावणेसहा झाले होते. वही पिशवीत घालून अभिनंदन दारापर्यंत गेला. तिथं थांबला.

"सर, घेतील का ते मला?"

"मला काय माहीत."

"तुम्ही माझ्या जागी असता तर?"

सरांनी चष्मा काढला. हात परत मांडीवर आला होता, बोटं परत गोळी वळायला लागली होती.

"निदान एवढं सांगा, सर. गेलो तर तिथं नवी वही देतात. सगळं पहिल्यापासून. तिथं तरी चूक होऊ नये म्हणून काय करू?"

सरांनी गार झालेला चहा संपवला. कप खाली ठेवला…

"नोंद खरी ठेव, बाळा. आणि नव्या वहीत शून्यापासून मोजू नकोस. एकापासून मोज."