टरफलांची वाट

एकदा एक वृद्ध गृहस्थ ओढ्याकाठच्या एका गावात राहत असत. लोक त्यांना नाना म्हणत. लांबलांबची माणसे त्यांच्याकडे चार शहाणपणाच्या गोष्टी शिकायला येत. परंतु नानांची रीत अशी, की नव्या शिष्याच्या हाती पोथी देण्याऐवजी ते एक खुडूक कोंबडी देत. "आधी हिला अंड्यांवर बसव," ते सांगत. "पिल्लं निघू देत, जगू देत. मग आपण बोलू." हे ऐकून पुष्कळ जण आल्या पावली परत जात.

एक शिष्या मात्र राहिली. तिला कितीतरी श्लोक पाठ होते आणि कोंबडीला हात लावायची भीती वाटत होती. तरीही ती शिकली. बसवायच्या प्रत्येक अंड्यावर कोळशाची बारीक टिकली लावायची, म्हणजे मागाहून घातलेले ताजे अंडे त्यांत मिसळत नाही. टोपलीत पेंढा घालायचा. काही दिवसांनी अंधाऱ्या खोलीत अंडे दिव्यापुढे धरायचे. ज्यात तांबड्या शिरांचे जाळे दिसेल ते परत कोंबडीखाली जाते, ज्यात काहीच दिसणार नाही ते बाजूला निघते. पहिल्यांदा ते जाळे दिसले आणि त्याच्या मधोमध एक ठिपका हलला, तेव्हा तिचा श्वासच अडला होता.

कबरी नावाच्या कोंबडीने पिल्ले काढली. ती खुराड्यातून बाहेर पडून आईच्या मागे परसात पळू लागली, आणि शिष्येने दुसरी कोंबडी, तांबडी, अंड्यांवर बसवली. खुराड्याच्या एका कोपऱ्यात टोपली, तिच्यावर बांबूचे मोठे डालगे पालथे, आणि डालग्यावर दगड. संध्याकाळी कबरीला पिल्लांसह आत घ्यायचे, दाराला कडी घालायची, कडीत खुंटी मारायची. खुंटी हलवून पाहिल्याशिवाय ती कधी झोपली नाही.

आणि एका सकाळी तिने दार उघडले तेव्हा आत पिसेच पिसे होती.

कबरी नव्हती. एकही पिल्लू नव्हते. कडी जागच्या जागी होती, खुंटी जशीच्या तशी. मागच्या भिंतीच्या बुडाशी मात्र एक भोक पडले होते, आणि उकरलेली ओली माती आतपर्यंत पसरली होती. कोपऱ्यातल्या डालग्याखाली तांबडी मान आखडून बसली होती. तिच्या डोळ्यांची उघडझापसुद्धा होत नव्हती.

शिष्या तिथेच उभी राहिली. रडू आले नाही. हातातले कण्यांचे भांडे कलंडले आणि सगळ्या कण्या पायावर सांडल्या, तेही तिला कळले नाही.

नाना आले. त्यांनी भोक पाहिले, डालगे उचलले आणि तांबडीच्या पोटाखाली हात घालून एक अंडे काढले. ते त्यांनी शिष्येच्या कानाशी धरले. आतून चिवचिव ऐकू आली, अगदी क्षीण, लांबून कोणी बोलावल्यासारखी.

"उद्यापर्यंत फुटतील," नाना म्हणाले.

"हिला घरात नेऊ या, नाना."

"आधीच बिथरली आहे. आता हलवली तर उठेल, परत बसायची नाही. मग आतली सगळी गारठतील. इथेच राहू दे."

"पण कोल्हा परत येईल."

"येणार. त्याला आता चव कळली आहे."

एवढ्यात कोंबड्या विकत घेत हिंडणारा एक व्यापारी कुंपणापाशी थांबला. वार्ता त्याच्या कानी गेलीच होती. "नाना, राहिलेली तरी मला देऊन टाका," तो म्हणाला. "कोल्ह्याला फुकट देण्यापेक्षा बरं." शिष्येचा चेहरा पाहून त्याने आवाज उतरवला आणि खिशातून कागदाची पुडी काढली. "नाहीतर हे घ्या. मटणाच्या तुकड्यात घालून ठेवा. उद्या ओढ्यात पडलेला दिसेल."

शिष्येने हात पुढे केला. आपण इतक्या झटकन हात पुढे केला याचेच तिला आश्चर्य वाटले. मुंगीलासुद्धा वाट करून देणारी ती मुलगी. पण त्या घटकेला कोल्हा मेलेला पाहायचा, याखेरीज तिच्या मनात काही नव्हते.

नानांनी पुडी मधल्या मध्ये घेतली आणि व्यापाऱ्याच्या खिशात परत सरकवली. "शेटजी, जरा थांबा. आम्हाला आधी कोल्हा होऊन बघू दे."

मग नाना कुंपणाबाहेर गेले, उतरून ओढ्यापर्यंत पोहोचले, धोतराचा काचा मारला, आणि ज्यांच्यापुढे गावचे थोरमोठे हात जोडत ते नाना हातापायांवर ओणवे झाले. तसेच रांगत ते कुंपणाच्या दिशेने येऊ लागले.

शेजारच्या काकू धुणे टाकून धावत आल्या. "अगं बाई, नाना. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण म्हणतात, पण इतक्या लवकर?"

"काकू, तुम्हीही या," नाना खालूनच म्हणाले. "गुडघे मोकळे होतील."

"माझे आहेत तेवढे पुरेत."

व्यापारी तोंडाला उपरणे लावून हसत होता. शिष्येला वाटले, धरणी दुभंगावी. नानांना हे काय झाले? धक्क्याने त्यांचे डोके तर फिरले नाही ना? ती पळत जाऊन त्यांना उठवू लागली, तर ते म्हणाले, "उठवू नकोस. खाली ये, पोरी. उभ्याने दिसायचं नाही ते."

सगळे पाहत होते. तिचे कान तापले. मग तिने ओढणी कमरेला बांधली आणि तीही गुडघ्यांवर बसली.

खालून सगळे निराळेच होते. शेराच्या झुडपांचे ते कुंपण उभ्याने पाहिले की भिंतीसारखे दाट दिसे. रोज सकाळी ते पाहून तिला निर्धास्त वाटत असे. पण हातभर उंचीखाली त्याला फांद्याच नव्हत्या. दोन बुंध्यांमध्ये एक गोल मोकळीक होती, जाण्यायेण्याने गुळगुळीत झालेली, आणि एका ढलपीत भुरे केस अडकले होते. तिथून ओढ्याकडे जाणारी पायवाट तिच्या नाकासमोर स्पष्ट होती. गवत दोन्ही अंगांना निजलेले. एका रात्रीत अशी वाट पडत नाही, हे तिलाही कळले.

त्या वाटेवर काहीतरी पांढरे चमकले. पुढे आणखी एक. मग पुन्हा. ओढ्यापासून कुंपणाच्या मुळापर्यंत, थोड्याथोड्या अंतरावर, अंड्यांची टरफले पडली होती.

तिने एक उचलले आणि उलटे केले.

त्यावर कोळशाची टिकली होती.

टिकली तिचीच होती. दुसऱ्या टरफलावरही तीच, तिसऱ्यावरही. तिच्या आईने लहानपणी बजावले होते, की ज्यातून जीव बाहेर आला ते टरफल चुलीत घालू नये, पायदळी येऊ देऊ नये. झाडाच्या मुळाशी ठेवावे. म्हणून कबरीची सगळी टरफले तिने कुंपणाच्या मुळाशी नेऊन ठेवली होती. जीव न धरलेली अंडीसुद्धा. दुसऱ्या दिवशी तिथे फारसे काही उरलेले नसे, तेव्हा तिला वाटे, धरणीमातेने स्वीकारले. एकदा तर तिने त्या रिकाम्या जागेला नमस्कार केला होता.

"नाना, आईनं सांगितलं होतं म्हणून मीच ही इथं ठेवली," ती म्हणाली.

नाना मातीतच मांडी घालून बसले. काकूंचे हसू थांबले होते. व्यापारीही दोन पावले जवळ आला.

"तू वाईट काही केलं नाहीस," नाना म्हणाले. "आईचं ऐकलंस, जिवाचा मान राखलास. पण आपण एखादी गोष्ट टाकून देतो, तेव्हा ती आपल्यापुरती संपते. ज्याला ती सापडते, त्याच्यासाठी ती तिथून सुरू होते. कोल्हा आधी टरफलाला आला, मग आतल्या ओलाव्याला, मग जीव न धरलेल्या अंड्याला. इथे कोणी हाकलत नाही, हे त्याला कळलं. भिंत त्याने सर्वांत शेवटी उकरली. तू रोज खुंटी हलवून पाहायचीस, ते दार तुझ्या बाजूचं होतं. त्याच्या बाजूचं दार तू कधी पाहिलंच नव्हतंस. विष घातलंस तर एक कोल्हा मरेल, कदाचित काकूंचा कुत्राही. वाट तशीच राहील. दुसरा येईल."

शिष्या मग उठली. दिवस मावळायच्या आत सगळे व्हायला हवे होते.

तिने भोकात दगड ठासले आणि भिंतीच्या कडेने चर खणून त्यातही दगड पुरले. हाताला फोड आले. बाभळीच्या काट्यांच्या फांद्या काकूंनी आपल्या कुंपणातून ओढून आणल्या, तोंडाने "आमचं उघडं पडलं तर नानांना रांगायला लावीन" असे म्हणत. व्यापाऱ्याने आपली टोपली खाली ठेवली आणि कुंपणातली मोकळीक बुजवायला मदत केली. पुडीचे नाव पुन्हा कोणी काढले नाही.

शेवटी टरफले उरली. वाटेवरची एकूण एक वेचून तिने ओंजळीत घेतली आणि ती चुलीपाशी घुटमळली. आईचे शब्द आठवत होते.

"जाळू?" तिने विचारले.

"नुसती भाज," नाना म्हणाले. "मग बारीक कूट आणि तांबडीच्या कण्यांत मिसळ. कोंबडीला चुना लागतो. पायदळीही यायची नाहीत, कोल्ह्याच्या दारीही जायची नाहीत."

तिने तसेच केले. खलबत्त्यात टरफले कुटताना ती मधूनच थांबे. ही कबरीची टरफले होती.

पहाटे ती आधी खुराड्याकडे गेली नाही. कुंपणाबाहेर गेली. आदल्या संध्याकाळी तिथे तिने चुलीतली राख पसरली होती. राखेत पंजे उमटले होते. ते बाभळीच्या काट्यांपर्यंत आले होते, तिथे एका जागी पुष्कळदा फिरले होते, आणि ओढ्याकडे परत गेले होते. तो खरेच आला होता.

मग तिने खुराड्याचे दार उघडले. डालग्यावरचा दगड बाजूला करून तिने डालगे उचलले. तांबडीने तिच्याकडे पाहून अंग फुगवले आणि तिच्या पंखाखालून एक ओले, पिवळे डोके बाहेर आले. त्याच्या पाठोपाठ दुसरे.

नाना अंगणात दात घासत उभे होते. ती परत आली तेव्हा पिल्ले किती निघाली, सगळी धड आहेत का, हे त्यांनी विचारलेच नाही.

"टरफलं कुठं आहेत?" त्यांनी विचारले.

शिष्येने मूठ उघडून टरफले दाखवली.

नानांनी चूळ भरली, आत जाऊन चटई अंथरली, आणि तिला म्हणाले, "बस. आता बोलू."