टिकली आणि हरवलेला कुर्रम

ऐकताय ना? मग बोटं तोंडातून बाहेर आणि कान माझ्याकडे!

एका तळ्याकाठी उभी होती एक घरगाडी. म्हणजे घरच, पण चाकांवरचं. आत शेगडी, आत पलंग, आत धोंडूमामा, आत बेबीमामी. बाहेर थंडीच थंडी. म्हणून दार बंद, खिडक्या बंद, सगळं बंद!

आत आणखी एक जण होतं. उंदराचं पिल्लू. नाक टिकलीएवढं, म्हणून नाव टिकली.

काल टिकलीला सापडला पापडाचा तुकडा. तिने तो खिडकीत जपून ठेवला. टिकलीला पापडाच्या चवीचं काही नव्हतं. तिला हवा होता आवाज. कुर्रम!

सकाळ झाली. टिकलीने आ केला. चावली.

मच्.

हे काय? पुन्हा चावली.

मच् मच्.

पापड वाकला. पापड लोंबला. पण कुर्रम काही म्हणेना!

तेवढ्यात नाकावर पडला थेंब. टप्प! टिकलीने वर पाहिलं. खिडकीची काच घामाने डबडबली होती. टप्प! टप्प!

"अगं बाई, माझा पापड सादळला!"

टिकलीला रडू आलं. पण रडली असती, तर पापड आणखी भिजला असता. म्हणून तिने रडू गिळलं, शेपटी खोचली आणि म्हणाली,

"काचबाई, काचबाई, टपटप थांबव!
पापड माझा सादळला,
कुर्रम त्याचा हरवला!"

काच म्हणाली, "मी काय करू गं? ही वाफ सारखी अंगाला चिकटते. आधी वाफ जाऊ दे!"

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. शेगडीवर पातेलं, पातेल्यात पाणी, पाण्यावर वाफ. फुस् फुस् डुलत होती.

"वाफबाई, वाफबाई, बाहेर जा!
पापड माझा सादळला,
कुर्रम त्याचा हरवला.
काच म्हणते, आधी वाफ जाऊ दे!"

वाफ म्हणाली, "जाऊ कुठून? भिंतीतून? छतावरचा झरोका बंद आहे. आधी झरोका उघडू दे!"

टिकली वर चढली. तुरुतुरु तुरुतुरु.

"झरोकादादा, झरोकादादा, उघड ना!
पापड माझा सादळला,
कुर्रम त्याचा हरवला.
काच म्हणते, आधी वाफ जाऊ दे.
वाफ म्हणते, आधी झरोका उघडू दे!"

झरोका कण्हला. "माझ्या कडीला ओला टॉवेल टांगलाय. मान मोडली माझी! आधी टॉवेल हटू दे!"

टॉवेल तिथेच होता. ओला, जड, रुसलेला.

"टॉवेलकाका, टॉवेलकाका, हटा ना!
पापड माझा सादळला,
कुर्रम त्याचा हरवला.
काच म्हणते, आधी वाफ जाऊ दे.
वाफ म्हणते, आधी झरोका उघडू दे.
झरोका म्हणतो, आधी टॉवेल हटू दे!"

टॉवेल म्हणाला, "मला पाय आहेत का? मला टांगलं कोणी? मामाने! आधी मामा उठू दे!"

टिकली खाली उतरली. तुरुतुरु तुरुतुरु. पलंगावर मामा, मामावर रजई. घुर्रर्र… फूऊऊ! घुर्रर्र… फूऊऊ! टिकली मामाच्या पोटावर चढली. पोट वर, टिकली वर. पोट खाली, टिकली खाली.

"मामा, मामा, ऊठ ना!
पापड माझा सादळला,
कुर्रम त्याचा हरवला.
काच म्हणते, आधी वाफ जाऊ दे.
वाफ म्हणते, आधी झरोका उघडू दे.
झरोका म्हणतो, आधी टॉवेल हटू दे.
टॉवेल म्हणतो, आधी मामा उठू दे!"

मामाने एकच डोळा उघडला. "कोण? उंदीर? असू दे. भाजलेल्या पापडाचा वास आल्याशिवाय हा धोंडू उठत नसतो. आधी पापड येऊ दे!" आणि डोळा मिटला.

टिकली पळाली मामीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"मामी, मामी, पापड भाज ना!
पापड माझा सादळला,
कुर्रम त्याचा हरवला.
काच म्हणते, आधी वाफ जाऊ दे.
वाफ म्हणते, आधी झरोका उघडू दे.
झरोका म्हणतो, आधी टॉवेल हटू दे.
टॉवेल म्हणतो, आधी मामा उठू दे.
मामा म्हणतो, आधी पापड येऊ दे!"

मामी किंचाळणारच होती. पण पापडाचं नाव ऐकलं आणि हळहळली. "अगं, माझा अख्खा डबा सादळला! या पापडांना ऊन दाखवायला हवं. आधी ऊन येऊ दे!"

ऊन? ते तर काचेपलीकडे उभं होतं. टिकली पुन्हा खिडकीत. तुरुतुरु तुरुतुरु.

"उन्हा, उन्हा, आत ये ना!
पापड माझा सादळला,
कुर्रम त्याचा हरवला.
काच म्हणते, आधी वाफ जाऊ दे.
वाफ म्हणते, आधी झरोका उघडू दे.
झरोका म्हणतो, आधी टॉवेल हटू दे.
टॉवेल म्हणतो, आधी मामा उठू दे.
मामा म्हणतो, आधी पापड येऊ दे.
मामी म्हणते, आधी ऊन येऊ दे!"

ऊन म्हणालं, "मी केव्हाचं उभं आहे! पण काच सगळी धुरकट. ही खिडकी की भिंत, तेच कळेना. आधी काच लख्ख होऊ दे!"

काच? पुन्हा काच?

टिकली मटकन खाली बसली. म्हणजे पुन्हा वाफ, पुन्हा झरोका, पुन्हा टॉवेल, पुन्हा मामा! गोल गोल गोल! टिकलीला आला राग. मिशा थरथरल्या.

"सगळे म्हणतात आधी, आधी, आधी! मग आधी मीच!"

तिने नाक काचेला लावलं आणि घासलं. घस् घस् घस्! काचेवर पुसली गेली एवढीशी जागा. टिकलीएवढी!

"अरेच्चा, ही तर वाट!" ऊन म्हणालं आणि सुर्रकन आत आलं.

ऊन आलं, मामीने त्यात पापड धरले.
मामीने पापड भाजले, घमघम वास सुटला.
वास सुटला, मामा उठला.
मामा उठला, त्याने टॉवेल काढला आणि बाहेर दोरीवर टाकला.
टॉवेल हटला, झरोका उघडला. खटाक्!
झरोका उघडला, वाफ निघाली. फुस्स्स! मामीने पातेल्यावर झाकणही ठेवलं.
वाफ गेली, काच सुकली. लख्ख!

मग काय! खिडकीत ऊनच ऊन. पापडाचा तुकडा तापला, सुकला, ताठ झाला.

टिकलीने आ केला. काच गप्प. झरोका गप्प. दोरीवरचा टॉवेलसुद्धा गप्प.

कुर्रम!

"अहो, हळू खा की!" मामी म्हणाली.

"मी अजून घास घेतलाच नाही!" मामा म्हणाला.

दोघांनी खिडकीत पाहिलं. टिकली बोलणार तरी कशी? तिच्या तोंडात कुर्रम होता.

गोष्ट झाली कुर्रम, आता झोपा घुर्रम!