धक्क्यावरच्या घागरी

"पाडा तो कोळीवाडा!" राजा भैरवसेन गरजला. "आणि तिथे दुसरा धक्का बांधा!"

आता राजाला एवढं चिडायला झालं काय? तर सोनखाडीच्या बंदरात गलबतांची तोबा गर्दी झाली होती. धक्का एकच, त्याला एका वेळी दोन गलबतं लागणार. आणि जो आधी नांगर टाकील त्याचा माल आधी उतरणार, असा बंदराचा रिवाज. मग काय! जो तो जिवाच्या आकांताने धावत यायचा आणि आठवडाभर खाडीत नुसता डुलत बसायचा. खजूर आंबत होता, खलाशी एकमेकांच्या उरावर बसत होते, व्यापारी दिवाणजींच्या नावाने बोटं मोडत होते. राजाला तर सज्जातून समुद्रच दिसेना! दिवाणजींना सुचून सुचून एकच सुचलं, धक्का वाढवा. जागा कुठे आहे? कोळीवाड्यात! दुसऱ्याची घरं पाडायची म्हटल्यावर डोकं कशाला शिणवायचं? राजाने लगेच हुकूम काढला.

त्या दिवशी कोळीवाड्यात चूल पेटली नाही. धर्मा नाखवा कपाळाला हात लावून बसला. त्याची मुलगी पोवळी मात्र पदर खोचून उठली आणि तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, आमची घरं राहू द्या. गर्दी मी हटवते."

दरबारात हशा पिकला. "तू हटवणार?" दिवाणजी म्हणाले. "फुंकर मारून?"

"फुंकरीने हटली असती तर तुम्ही केव्हाच हटवली असती, दिवाणजी!"

राजाने मिशीला पीळ दिला. हट्टी माणूस तो! "ठीक आहे, पोरी. पण नीट ऐक. एकही गलबत हाकलून द्यायचं नाही. धक्का वीतभरसुद्धा वाढवायचा नाही. आणि पुनवेला मी सज्जात येईन, तेव्हा खाडीत एकही गलबत ताटकळताना दिसता कामा नये. दिसलं, तर कोळीवाडा तू आपल्या हाताने रिकामा करायचास!"

"कबूल! पण तोवर बंदरात माझा शब्द चालेल."

"चालेल!"

पोवळी बोलून तर गेली. पण उपाय होता कुठे तिच्याजवळ! घरी आली, घागर उचलली, विहिरीवर गेली आणि तिथे एकदम खदखदा हसत सुटली. बापाला वाटलं, पोरीने धसका घेतला.

पुनवेला सकाळीच राजा सज्जात आला. बघतो तर काय, खाडी मोकळी! धक्क्याला दोन गलबतं लागलेली, तिसरं शीड फुगवून येतंय, बाकी सगळीकडे निळंशार पाणी. राजा खूश व्हायचा सोडून भडकलाच. "पोरीने व्यापार बुडवला! गलबतं हाकलली!"

"मी म्हणालो नव्हतो?" दिवाणजी हात चोळत म्हणाले.

दोघे तरातरा बंदरावर आले. "कुठे गेली गलबतांची रांग?" राजाने पोवळीला दरडावून विचारलं.

"ही काय, महाराज! तुमच्या पायाशीच आहे."

धक्क्याच्या कडेने घागरींची ही लांबलचक रांग! प्रत्येक घागरीला वेगवेगळ्या रंगाची पताका. शेजारी काठी घेऊन कोळीवाड्यातली म्हातारी गौरामावशी बसलेली.

"ही काय थट्टा आहे?"

"थट्टा नाही. ही निळी पताका खजुराच्या गलबताची, ही पिवळी मिठाच्या. मालकाने इथे घागर ठेवायची आणि गलबताने आपल्या गावच्या बंदरात थांबायचं. घागर पुढे आली की आमचा छोटा मचवा तिथवर जाऊन सांगतो, आता निघा. गलबत येतं ते सरळ धक्क्याला लागतं."

"आणि तोवर?"

"तोवर गलबताचा तांडेल घरचं जेवतो, फाटकी शिडं शिवतो. इथे डुलत बसला काय आणि घरी झोपला काय, नंबर तोच!"

"हे तुला सुचलं कसं?"

"आमच्याकडे गोड्या पाण्याची विहीर एकच, महाराज. पण तिथे बायका कधी ताटकळत नाहीत. घागर ताटकळते!"

दिवाणजींना राहवेना. "आणि कोणी गुपचूप आपली घागर पुढे सरकवली तर?"

गौरामावशी काठी टेकून उठली. "सरकवून तर बघा!"

दिवाणजी पटकन मागे सरले. राजाला हसू फुटलं, पण खोड कुठे जाते? त्याने राजवाड्यातून सोन्याची घागर मागवली. "राणीसाहेबांचं रेशीम यायचंय. राजाची घागर सगळ्यांच्या पुढे!"

जमलेले व्यापारी कुजबुजू लागले. पोवळीने हात जोडले. "ठेवा की, महाराज. बंदर तुमचंच आहे. फक्त आधी सज्जाला पडदा लावून घ्या."

"पडदा? तो कशाला?"

"उद्या सगळी गलबतं पुन्हा खाडीत दिसतील. घागर जागा राखत नाही असं एकदा कळलं, की घरी कोण थांबेल? जो तो स्वतः येऊन उभा राहील!"

राजाने वळून पाहिलं. खजूरवाल्याने आपली घागर आधीच काखेत मारली होती!

राजा असा हसला, असा हसला, की पागोटं कानावर आलं. सोन्याची घागर त्याने स्वतः उचलली, सगळी रांग ओलांडून चालत गेला आणि शेवटच्या मातीच्या घागरीमागे नेऊन ठेवली.

कोळीवाडा कोळ्यांना कायमचा मिळाला. पोवळी बंदराची कारभारीण झाली. आणि रेशीम उशिरा येणार, हे राणीसाहेबांना सांगायला राजाने दिवाणजींना पाठवलं.