आग्रहाची पंगत

एका गावात एक वृद्ध आचार्य राहत असत आणि त्यांचा एक शिष्य होता. शिष्याच्या हाती स्मार्टफोन होता, त्यावरून ही गोष्ट फार पुरातन नाही हे सुज्ञांनी ओळखावे.

एके सकाळी शिष्य तणतणतच आला. "आचार्य, घात झाला! कोकणातले एक गृहस्थ आपल्या वेबसाइटवर भाताच्या जुन्या वाणांविषयी लिहितात. माझ्या आईच्या माहेरी जो पिकायचा, त्या भाताचं बी ते वाटणार होते. मी रोज दोन तास मोबाइलवर एक ॲप बघतो, त्यांचं लेखनही तिथे येतं, पण ती बातमी मला दिसलीच नाही. बी संपलं!"

"मग दोन तास काय दिसलं?"

शिष्य ओशाळला. "एका नटीचं लग्न. आणि एक म्हैस पोहते ते."

आचार्यांनी त्याला जेवायला बसवले. शिष्याने वरणभात मागितला, आचार्यांनी जिलेबी वाढली. त्याने पुन्हा भात मागितला, तर आणखी चार जिलेब्या आल्या. बिचाऱ्याने दोन्ही हात पानावर आडवे धरले. "माझ्यासाठी एक!" असे म्हणत आचार्यांनी बोटांच्या फटीतून जिलेबी आत सरकवली.

"अहो, मला भूक कशाची आहे ते तरी विचारा!" शिष्य कळवळला.

"कशाला विचारू? तू पानावरून उठू नयेस, एवढीच माझी इच्छा. तुझं ते ॲपही असंच वाढतं. बाबा रे, फीड रीडर घे. तू ज्या वेबसाइटचे पत्ते देशील, तिथलंच नवं लेखन तो क्रमाने आणून ठेवतो."

"पण असे रीडर ढीगभर आहेत. कोणता घेऊ?"

"जो पदरचं काही वाढत नाही, आणि तू त्याला सोडून जाताना तुझी पत्त्यांची यादी तुझ्या हाती देतो, तो."

शिष्याने तसा रीडर शोधला आणि उत्साहाच्या भरात तीनशे पत्ते घातले. दुसऱ्या दिवशी नऊशे लेख साचले. आचार्य हसून म्हणाले, "आता तुला आग्रह तूच करतोयस." शिष्याने पाचच पत्ते ठेवले.

काही दिवसांनी कोकणातल्या गृहस्थांनी लिहिले, 'कापणीनंतर पुन्हा बी देऊ, नावे कळवा.' शिष्याने तत्काळ नाव कळवले. आनंदाने त्याचे डोळे भरून आले. उरलेले दोन लेख वाचताच पडद्यावर अक्षरे उमटली: 'नवीन काही नाही.'

तो घाबरला. "आचार्य, हा बिघडला!"

"बिघडला नाही. वाचून झालं. ऊठ, शेताचा बांध खचलाय."

शिष्य उठला. अंगठा मात्र शेतापर्यंत हवेतच वर सरकत होता.