आकसलेली मूठ

शके अठराशे बावन्न, प्रमोद नाम संवत्सर, हेमंत ऋतू, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा. त्या दिवसापासूनची ही कहाणी. चौंडेश्वरी आई, तुझी आहे, तू ऐक. बायांनो, तुम्हीही ऐका. हातात जोंधळे धरा, मूठ मिटा, मध्ये बोलू नका.

नदीच्या वळणावर एक नगर होतं. नगरात कोष्ट्यांची तीनशे घरं. घरोघरी माग, पहाटेपासून धोट्याचा आवाज. चौंडेश्वरीच्या देवळात एक रांजण. नगराचा नेम असा, की रोज सकाळी प्रत्येक घरानं जोंधळ्याची एक मूठ रांजणात टाकावी. मूठ पदराखालून आणावी, पदराखालून सोडावी. कुणी कुणाची मूठ बघू नये. दुपारी देवळातली चंद्राक्का त्याच्या कण्या शिजवी. ज्याला घर नाही, ज्याला हात नाही, ज्याला कुणी नाही, तो पोटभर जेवी.

मग मंदी आली. कुठून आली, कुणाला कळलं नाही. पाऊस वेळेवर पडला होता. जोंधळा डोक्याइतका वाढला होता. रोग नाही, लढाई नाही, आग नाही. तरी लुगडं कुणी घेईना. पेठेतल्या व्यापाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "पुढचा घेत नाही." पुढच्याला विचारलं, तो म्हणाला, "मुंबईचा घेत नाही." मुंबईचा म्हणाला, "विलायतेत काहीतरी झालंय." काय झालंय, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मग पंच जोशीबुवांकडं गेले. जोशीबुवांनी बोटं मोजली. म्हणाले, "राहू बरा आहे. केतू बरा आहे. शनी कुणाच्या वाटेत नाही."

"मग बिघडलंय काय?"

"ते पंचांगात नाही. माझी दक्षिणा?"

पंच दक्षिणा देऊन उठले.

माग थांबले. आधी शंभर थांबले, मग दोनशे, मग सगळे. देवळात दहा माणसं जेवत होती, तिथं पन्नास बसू लागली. पन्नासाची शंभर झाली. मागावर काम करणारे गडीही तोंडाला फडकं बांधून पंगतीच्या शेवटी बसू लागले.

त्या नगरात गोजरा नावाची कोष्टीण होती. नवरा सिद्राम, सासू नागूबाई. पोटी मूल नाही. घरात बारा लुगडी विणून पडलेली. प्रतिपदेला सिद्रामनं गाठोडं बांधलं. म्हणाला, "दूरच्या बाजारात जातो. पौषी पौर्णिमेला देवीच्या जत्रेपर्यंत येतो." गोजरानं देवीपुढं डोकं टेकलं. म्हणाली, "आई, माझा माणूस सुखरूप आण. तो येईतो माझ्या घरची मूठ एक दिवस चुकणार नाही."

पाच दिवस तिनं मूठ टाकली. आपल्या हाताची, भरलेली. सहाव्या दिवशी मडक्यात हात घातला, तर हात कोपरापर्यंत आत गेल्यावर दाणे लागले. मग तिच्या मनात आलं, देवीला मूठ बोलले, कुणाची ते कुठं बोलले? सासूची बोटं साठ वर्षं धोटा मारून वाकडी झाली होती. हात पुरता उघडतही नव्हता, मिटतही नव्हता. त्यात गोजराच्या मुठीच्या निम्मे दाणे मावत.

"सासूबाई, आजपासून मूठ तुम्ही घाला. पुण्य तुम्हाला लागेल."

नागूबाई म्हणाली, "पुण्य मला आणि जोंधळे तुला. बरी गं आठवण झाली माझ्या हाताची!"

पण सुनेचं तिनं ऐकलं. काठी टेकत देवळात गेली, वाकडी मूठ रांजणात सोडली. दुसऱ्या दिवशीही सोडली, तिसऱ्या दिवशीही सोडली. गोजराला वाटलं, नेम पाळला.

दहा दिवसांनी दारात एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, कपाळाला मळवट. म्हणाली, "बाई, मूठ दिलीस का?" गोजरा म्हणाली, "दिली." म्हातारी गेली. वीस दिवसांनी पुन्हा आली. "बाई, मूठ दिलीस का?" "दिली की." म्हातारी गेली. गोजरा दार लावताना पुटपुटली, "देवळातला हिशेब हिला कुणी सांगितलाय?"

तिकडं सिद्राम चार बाजार फिरला. एक लुगडं गेलं नाही. पहिल्या बाजारात म्हणाले महाग, दुसऱ्या बाजारात म्हणाले उद्या ये, तिसऱ्या बाजारात त्याच्यासारखेच दहा कोष्टी गाठोडी घेऊन बसले होते. चौथ्यात त्यानं गाठोडं सोडलंच नाही. पौर्णिमेला दोन दिवस उरले तेव्हा तो नगरात परतला. रिकाम्या हातानं घरी कसं जावं? घरी न जाता देवळाच्या पंगतीत बसला. तोंड झाकलं, अगदी शेवटी बसला. पहिल्या दिवशी अर्धी पळी मिळाली. दुसऱ्या दिवशी हंड्याची खरवड मिळाली. तिसऱ्या दिवशी, ऐन पौर्णिमेला, चंद्राक्का त्याच्यापुढं आली आणि हंडा उपडा करून दाखवला. सिद्राम उठला, दोन पावलं चालला, पायरीवर कोसळला.

तोंडावरचं फडकं निघालं. कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर गोजराचा!" गोजरा धावत आली, मागून काठी टेकत नागूबाई आली. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. तोवर जत्रेचे लोक चंद्राक्काभोवती जमले.

"जोंधळे कुठं जातात, चंद्राक्का? तुझ्या भावाच्या घरी?"

चंद्राक्कानं पळी आपटली. "रोज दारात बसून घरं मोजते मी! तीनशे घरं येतात, तीनशे मुठी पडतात. एक घर चुकलेलं नाही. मग रांजण अर्धा का राहतो? मला कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर सांगा, नाहीतर ही पळी घ्या नि तुम्ही वाढा!"

मुठी पुऱ्या, रांजण अर्धा.

गोजरा देवीकडं बघून म्हणाली, "आई, मी मूठ चुकवली नाही. मग माझा माणूस तुझ्याच पायरीवर उपाशी का पडला?"

गर्दीतून ती म्हातारी पुढं आली. म्हणाली, "बाई, मूठ दिलीस का?"

"दिली! किती वेळा सांगू?"

"कुणाची?"

गोजरा खाली बघून म्हणाली, "सासूबाईंची."

म्हातारीनं ओटीतले जोंधळे काढले. नागूबाईची मूठ भरली, पायरीवर ओतली. गोजराची मूठ भरली, शेजारी ओतली. एक ढीग लहान, एक ढीग मोठा. गोजरानं दोन्ही ढीग बघितले, नवऱ्याचं तोंड बघितलं.

"चंद्राक्का चोर नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "चोर मी आहे. चाळीस दिवस अर्धी मूठ चोरली."

मग दुसरी म्हणाली, "आमच्या घरची आमची धाकटी पोर चिमी टाकते." तिसरी म्हणाली, "मीच टाकते, पण दोन बोटं आत दुमडून." चौथी रडायला लागली. प्रत्येकीला वाटलं होतं, तीनशे मुठींत माझी एक लहान झाली तर काय होतंय?

गोजरानं म्हातारीचे पाय धरले. "आई, ही मंदी आली कुणाच्या पापानं? आमच्या?"

म्हातारी म्हणाली, "मला ठाऊक नाही."

"तुला नाही, तर कुणाला?"

"मी आणलेली नाही. मला मूठ ठाऊक." एवढं बोलून म्हातारी गाभाऱ्यात गेली. लोक मागोमाग गेले, तर आत देवीवाचून कुणी नव्हतं.

पायरीवरच्या जोंधळ्यांची पेज केली. सिद्राम प्याला, उठून बसला.

दुसऱ्या दिवसापासून गोजरा आणि नागूबाई दोघी देवळात जाऊ लागल्या. गोजरा आपली भरली मूठ टाकी, तो त्या दिवसाचा नेम. नागूबाई आपली वाकडी मूठ टाकी, ते मागच्या एका दिवसाचं देणं. माप तेच, हात तोच. दोघींनी रात्रीची भाकरी सोडली. सिद्राम पंगतीला बसू लागला, तोंड न झाकता.

लोक हसले. "काय गं गोजरा, सकाळी देतेस नि दुपारी नवऱ्याला जेवायला पाठवतेस? हे दान म्हणायचं का काय?"

"मलाही कळत नाही," गोजरा म्हणाली. "पण हंडा पुरतोय का नाही?"

हंडा पुरत होता. नगरातल्या बाकीच्या बायाही आपापले हात घेऊन येऊ लागल्या होत्या. लुगडी तशीच पडून होती. माग तसेच बंद होते.

जशी चौंडेश्वरी त्यांच्या हंड्याला पुरली, तशी तुमच्या आमच्या हंड्याला पुरो. पुष्कळ सांगण्यासारखं होतं, थोडक्यात सांगून संपवायचं.

दिवस मोजत माघ वद्य दशमी आली. नागूबाईनं चाळिसावी मूठ रांजणात सोडली. देणं फिटलं.